साथ आली की फॅमिली डॉक्टरने कुणाला शोधायचं?

२० मे २०२५ रोजी जिनिव्हात जागतिक आरोग्य सभेने महासाथींविषयीचा करार मंजूर केला. त्यासाठी तीन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटी चालल्या होत्या. बातम्यांत गाजलं ते मुख्यतः लस कुणाला किती मिळणार, विषाणूचे नमुने कोण कुणाला देणार आणि औषध कंपन्यांवर कोणती बंधनं येणार, एवढंच. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण पुढची साथ येईल तेव्हा बीपीची गोळी संपलेल्या, गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या सत्तरीच्या बाईचं काय होणार, हे त्या बातम्यांवरून कळत नाही. ते बऱ्याच अंशी तिच्या फॅमिली डॉक्टरच्या हातात असतं. आणि साथीत फॅमिली डॉक्टरने नेमकं काय करायचं असतं, हे विचारलं तर बहुतेक जण सांगतील, "ताप आलेल्यांना तपासायचं." ते उत्तर अर्धंच आहे, आणि माझ्या मते कमी महत्त्वाचं अर्धं.

साथीत माणसं फक्त साथीने मरत नाहीत

एक संज्ञा आधी समजून घेऊ: अतिरिक्त मृत्यू. एरवी वर्षभरात साधारण किती माणसं दगावतात याचा अंदाज मागच्या वर्षांवरून बांधता येतो. प्रत्यक्षात त्यापेक्षा जितकी जास्त दगावली, ते अतिरिक्त मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख अतिरिक्त मृत्यू झाले. कोविडचे म्हणून नोंदले गेलेले होते सुमारे ५४ लाख. मधल्या फरकात नोंद न झालेला कोविड भरपूर आहे, हे खरं. पण त्यात असेही लोक आहेत ज्यांना कोविड कधी झालाच नाही. त्यांचा जुना आजार बळावला आणि त्यांच्यापर्यंत कुणी पोहोचलं नाही.

हा भाग इबोलाच्या साथीत जास्त स्पष्ट दिसतो. २०१४ ते २०१६ या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत सुमारे २८,६०० लोकांना इबोला झाला आणि ११,३०० दगावले. नंतर संशोधकांनी गणित मांडलं, की या काळात आरोग्यसेवा निम्म्यावर आल्या असं धरलं तर मलेरिया, एचआयव्ही आणि क्षयाने किती जास्त माणसं गेली असतील? उत्तर आलं सुमारे १०,६००. म्हणजे इबोलाने जवळपास जितके नेले, तितकेच इबोलाच्या गडबडीने नेले.

कोविडमध्येही तेच झालं. जगात २०१९ साली ७१ लाख लोकांच्या क्षयाचं नव्याने निदान होऊन नोंद झाली होती, २०२० मध्ये ५८ लाखांच्या. क्षय कमी झाला नव्हता, खोकणारी माणसं घरात बसली होती. त्याच वर्षी क्षयाचे मृत्यू दशकभरात पहिल्यांदा वाढले. इंग्लंडमध्ये मार्च २०२०च्या अखेरीस हृदयविकाराच्या झटक्यासाठी रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या तुलनेत ४० टक्क्यांनी घटली. त्याच देशातल्या सॅल्फर्ड शहरात मार्च ते मे या काळात फॅमिली डॉक्टरांकडे मधुमेहाची जितकी नवी निदानं व्हायला हवी होती, त्याच्या जवळपास निम्मीच झाली. उरलेल्यांची साखर वाढतच होती, फक्त ती कुणी मोजली नाही.

लग्नघरात सगळे पाहुण्यांच्या मागे धावत असतात आणि संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात येतं, की आजोबांना सकाळची गोळी दिलीच नाही. प्रत्येकाला वाटलेलं असतं, दुसऱ्याने दिली असेल. साथीत अख्ख्या आरोग्यव्यवस्थेचं असंच होतं. अशा वेळी आजोबांची गोळी हे ज्याचं ठरलेलं काम आहे, असा एक माणूस लागतो.

जोखमीचा रुग्ण म्हणजे नेमका कोण?

सहव्याधी हा शब्द कोविडकाळात घराघरांत पोहोचला. मधुमेह, दमा, किडनीचा विकार, कर्करोग, असा एखादा आजार आधीच असणं म्हणजे सहव्याधी. पण जोखमीचा रुग्ण म्हणजे फक्त सहव्याधी असलेला, ही समजूत अपुरी आहे. जोखीम दोन प्रकारची असते. एक, साथीचा आजार झाला तर तो जड जाण्याची. दुसरी, नेहमीची सेवा तुटली तर कोलमडून पडण्याची.

चाळिशीतल्या, एरवी धडधाकट दिसणाऱ्या, फिट्सच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाचं उदाहरण घ्या. विषाणू त्याला कदाचित फारसा त्रास देणार नाही. पण गोळी चार दिवस मिळाली नाही तर जिवावर बेतू शकतं. महिन्याच्या महिन्याला मनोविकाराचं इंजेक्शन घेणारा, नववा महिना लागलेली गरोदर बाई, दारू सुटावी म्हणून उपचार घेणारा, नवऱ्याचा मार खाणारी आणि आता चोवीस तास त्याच्याच सोबत कोंडली गेलेली बाई, हे सगळे दुसऱ्या प्रकारात येतात. सरकारी यादीत यांची नावं सहसा नसतात.

इंग्लंडचा अनुभव इथे बोलका आहे. मार्च २०२० मध्ये तिथे अतिजोखमीच्या लोकांना "घराबाहेर पडू नका" अशी पत्रं जाऊ लागली. अवयव प्रत्यारोपण झालेले, काही कर्करोगांचे रुग्ण, फुप्फुसांचे गंभीर आजार असलेले असे निकष होते. नोंदी चाळून यादी केली आणि फॅमिली डॉक्टरांना त्यात भर घालायला, दुरुस्त्या करायला सांगितलं. ती वाढत वाढत २२ लाखांवर गेली. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये वय, वजन, वंश, वस्तीतली गरिबी असं सगळं एकत्र मोजणारी नवी पद्धत आली आणि आणखी सुमारे १७ लाख लोक जोखमीचे ठरले. पहिली यादी चुकीची होती असं नाही. ती आजारांवरून केली होती, आणि जोखीम केवळ आजारावरून ठरत नाही.

शिवाय ती बदलते. विस्मरणाचा आजार असलेल्या गृहस्थांना पत्नी सांभाळते आहे, तोवर घर ठीक चाललंय. ती तापाने आडवी झाली की त्याच रात्री ते गृहस्थ अतिजोखमीचे होतात, त्यांच्या स्वतःच्या तब्येतीत काहीही न बदलता. "मुलगा परगावी असतो, किल्ली शेजाऱ्यांकडे असते" ही माहिती कुठल्याही संगणकात नसते. ती डॉक्टरला असते, नाहीतर दवाखान्यात वर्षानुवर्षं केसपेपर काढून देणाऱ्या बाईंना असते. बहुधा बाईंनाच.

यादी: कंटाळवाणं पण सर्वांत कामाचं हत्यार

एरवी दवाखान्याचा नियम सोपा असतो: जो येईल त्याला तपासायचं. साथीत हाच नियम उलटा फिरतो. जो घाबरला आहे, थकला आहे, ज्याच्याकडे वाहन नाही, तो येत नाही. ज्याला फारसं काही झालेलं नाही पण काळजी वाटते आहे, तो मात्र तीनदा येतो. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात फॅमिली डॉक्टर असलेल्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्येच मांडलं होतं, की चांगली वैद्यकीय सेवा जिथे सर्वांत जास्त गरजेची असते तिथेच ती सर्वांत कमी मिळते. साथीत ही दरी रुंदावते.

म्हणून खुर्चीत बसून वाट पाहणारा डॉक्टर साथीत कितीही राबला तरी अर्ध्या रुग्णांना मुकतो. त्याला न आलेल्यांची यादी लागते. ती आजारावरून करण्यापेक्षा औषधावरून करणं सोपं पडतं, कारण निदान लिहायचं राहून जातं पण औषधाची चिठ्ठी सहसा लिहिलेली असते. इन्सुलिन घेणारे, रक्त पातळ करणारी गोळी घेणारे, फिट्सच्या गोळ्यांवरचे, संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, मनोविकाराच्या इंजेक्शनवरचे. त्यानंतर एकटे राहणारे वृद्ध. आणि शेवटी एक फार उपयोगी गट: जे एरवी नियमित येतात आणि गेले तीन महिने आलेच नाहीत.

"एका डॉक्टरकडे दोन-दोन हजार माणसं असतात, सगळ्यांना फोन कोण करणार?" हा आक्षेप नेहमी येतो. आकडेमोड करून पाहू. समजा दोन हजारांतले दहा टक्के, म्हणजे दोनशे जण खरोखर जोखमीचे आहेत. प्रत्येकी दहा मिनिटं धरली तर दोन हजार मिनिटं, म्हणजे तेहतीस तासांच्या आसपास. तीन माणसांनी रोज दोन-दोन तास दिले तर सहा दिवसांत फेरी पूर्ण होते. आणि ही तीन माणसं डॉक्टर असायची गरज नाही. नर्स, मदतनीस, वैद्यकीय विद्यार्थी, प्रशिक्षित स्वयंसेवक, कुणीही चालेल. थायलंडमध्ये दहा लाखांहून अधिक ग्राम आरोग्य स्वयंसेवक आहेत, कोविडमध्ये घरोघरी जाण्याचं काम त्यांनी केलं. डॉक्टरने बोलायचं ते या फेरीत अडलेल्यांशी.

फोनवर काय विचारायचं यालाही महत्त्व आहे. "कशा आहात?" असं विचारलं की "बरी आहे" असंच उत्तर येतं, विशेषतः कुणाला त्रास द्यायचा नाही अशी सवय असलेल्या पिढीकडून. त्याऐवजी, "गोळ्यांचं पाकीट हातात घ्या आणि किती उरल्यात ते मोजून सांगा." "काल रात्री काय जेवलात?" "औषध आणून कोण देतं?" "जिना चढताना मध्ये थांबावं लागतं का, आणि महिन्यापूर्वी लागत होतं का?" अशा प्रश्नांना "बरी आहे" म्हणून टाळता येत नाही.

फोनवरची तपासणी म्हणजे निम्मी तपासणी?

काही बाबतीत होय, आणि ते मान्य करायला हवं. टेलिमेडिसिन, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून वैद्यकीय सल्ला, २०२० मध्ये रातोरात सगळीकडे पसरलं. भारतात त्याची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आली. त्यात औषधांच्या याद्याच आहेत. काही औषधं साध्या फोनवरही सांगता येतात, काही पहिल्या खेपेला व्हिडिओवर रुग्णाला पाहिल्यावरच, काही फक्त आधी प्रत्यक्ष तपासलेल्याच रुग्णाला, आणि व्यसन लावणारी काही औषधं दुरून लिहून देताच येत नाहीत. फोनच्या मर्यादा नियमातच मान्य केल्या आहेत.

चालू औषधाचा आढावा, घरच्या यंत्रावरचे बीपीचे आकडे, झोप, मनःस्थिती, रिपोर्ट समजावणं, हे फोनवर उत्तम होतं. दुखणारं पोट, छातीत नव्याने सुरू झालेली कळ, हाताला लागलेली गाठ, मलूल झालेलं तान्हं बाळ, हे होत नाही. दम लागला आहे का हे ओळखणं मधे कुठेतरी बसतं. २०२० मध्ये अशी एक युक्ती फिरत होती, की रुग्णाला एका श्वासात आकडे मोजायला लावायचे आणि त्यावरून ऑक्सिजनचा अंदाज बांधायचा. तज्ज्ञांनी तपासून सांगितलं की त्यावर विसंबू नका, खोटा दिलासा मिळू शकतो. माणूस वाक्य पुरं करू शकतो का आणि कालच्यापेक्षा आज जास्त धापा टाकतोय का, हे ऐकणं त्याहून बरं.

कोविडची एक खोड अशी होती की रक्तातला ऑक्सिजन उतरायचा आणि तरी माणसाला दम लागल्यासारखं वाटायचं नाही. त्यामुळे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी गेला. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०२० पासून जोखमीच्या रुग्णांना तो घरी देऊन रोज विचारपूस करण्याची योजनाच सुरू झाली. पण यंत्रालाही खोडी आहेत. थंड बोटं, नखांचा रंग यामुळे आकडा चुकतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष तपासणीत ऑक्सिजन ८८च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आणि श्वेतवर्णीयांत ३.६ टक्के होतं. सावळ्या त्वचेच्या माणसाने तर एका आकड्यावर अजिबात निर्धास्त होऊ नये. सकाळी किती, संध्याकाळी किती, चालून आल्यावर किती, असा उतार पाहायचा.

फोन कुणाच्या उपयोगाचा नाही हेही उघड आहे: ऐकू न येणारे, विस्मरण झालेले, डॉक्टरची भाषा न समजणारे. आणि ज्यांच्या शेजारी कुणीतरी कान देऊन बसलं आहे ते. घरात मार खाणाऱ्या बाईला "सगळं ठीक ना?" असं फोनवर विचारणं निरुपयोगी, प्रसंगी धोक्याचं. डॉक्टरने प्रश्न असा टाकावा की "हो" किंवा "नाही" एवढ्यावर भागेल: "आत्ता मोकळेपणाने बोलता येईल का?" एप्रिल २०२० मध्ये कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने व्हिडिओ कॉलसाठी एक खूणही रूढ केली. तळहात कॅमेऱ्याकडे, अंगठा आत दुमडायचा, मग बाकीची बोटं त्यावर मिटायची. ती डॉक्टरांना ठाऊक असायलाच हवी.

दोनदा फोन उचलला गेला नाही तर तिसऱ्यांदा फोन करायचा नाही, माणूस पाठवायचा. हा नियम यादी करतानाच ठरवून ठेवलेला बरा.

माझं मत विचाराल तर ओळखीच्या रुग्णाला फोन पुरतो, अनोळखी रुग्णाच्या बाबतीत तो जुगार आहे. "आज यांचा आवाज वेगळा लागतोय" हे कळायला आधीचा आवाज माहीत असावा लागतो. एकच डॉक्टर वर्षानुवर्षं असण्याला सातत्य म्हणतात आणि त्याचा परिणाम मोजला गेला आहे. नॉर्वेतल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांचा फॅमिली डॉक्टर पंधरा वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांच्यात तातडीने रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण, वर्षभराचाच संबंध असलेल्यांच्या तुलनेत २५ ते ३० टक्क्यांनी कमी आढळलं. स्थिरावलेली माणसं मुळातच जास्त निरोगी असू शकतात, त्यामुळे सगळं श्रेय सातत्याला देता येणार नाही. तरी आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

औषध थांबू द्यायचं नाही, आणि आंधळेपणाने चालूही ठेवायचं नाही

मार्च २०२० मध्ये एक अफवा पसरली. कोरोनाचा विषाणू पेशीत शिरताना जी कडी धरतो, तिचा बीपीच्या काही गोळ्यांशी संबंध आहे. म्हणून त्या गोळ्या घेणाऱ्यांना धोका जास्त. शंका अगदीच निराधार नव्हती, पण पुरावा नव्हता. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १३ मार्चलाच सांगितलं की गोळ्या थांबवू नका, आणि पुढे प्रत्यक्ष चाचण्यांतूनही तेच निघालं. मधल्या काळात घाबरून गोळ्या बंद करू पाहणाऱ्यांना समजावण्याचं काम कुणाचं होतं? त्यांच्या फॅमिली डॉक्टरचं. त्याच सुमारास कोविडवर चालेल या आशेने हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या मलेरियावरच्या जुन्या औषधावर लोकांच्या उड्या पडल्या आणि संधिवात व ल्युपसचे (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) जे रुग्ण ते औषध वर्षानुवर्षं घेत होते, त्यांनाच ते मिळेना.

उलट बाजूही आहे. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ नावाच्या मोठ्या औषध-चाचणीत दिसलं, की डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड ऑक्सिजनवर असलेल्या रुग्णांचे प्राण वाचवतं. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. तरी अनेक ठिकाणी साध्या तापालाही ते सर्रास दिलं गेलं. स्टेरॉइडने साखर भडकते. भारतात २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसचा, म्हणजे नाक-डोळ्यांत शिरणाऱ्या बुरशीचा उद्रेक झाला, त्यामागे अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा सढळ वापर ही जोडी ठळकपणे होती. घाबरलेले नातेवाईक "काहीतरी जोरदार द्या" म्हणत असताना "याची गरज नाही" असं ठामपणे म्हणणं हाही उपचारच आहे, आणि ते ऐकून घेतलं जातं ते ओळखीच्या डॉक्टरचं.

तपासण्यांचंही तसंच. कोलेस्टेरॉल चार महिन्यांनी तपासलं तरी बिघडत नाही. वॉरफरिन घेणाऱ्याचं रक्त किती पातळ आहे, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या माणसाच्या पांढऱ्या पेशी किती आहेत, हे मात्र थांबवून चालत नाही. औषध तीन महिन्यांचं एकदम द्यावं, पण आत्महत्येचे विचार येत असलेल्या माणसाच्या हाती झोपेच्या गोळ्यांचा साठा देऊ नये. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी कमी झालं असेल तर मधुमेहाच्या आणि बीपीच्या काही गोळ्या एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात, पण टाइप १ मधुमेहात इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं. आपल्या बाबतीत कोणती गोळी कुठल्या गटात येते, हे आधीच डॉक्टरकडून लिहून घ्यावं. आजारी पडल्यावर रात्री दोन वाजता ते ठरवता येत नाही.

"मग तेव्हा दवाखाने बंद का होते?"

हा राग समजण्यासारखा आहे. पण एका खोलीचा दवाखाना, साठी उलटलेला डॉक्टर आणि मास्कचा पुरवठा आधी मोठ्या रुग्णालयांना, अशी परिस्थिती २०२०च्या सुरुवातीला जगात कितीतरी ठिकाणी होती. इटलीत पहिल्या लाटेत दगावलेल्या डॉक्टरांमध्ये फॅमिली डॉक्टरांची संख्या मोठी होती. दवाखान्यातूनच साथ पसरली तर सर्वांत आधी जोखमीचेच रुग्ण आजारी पडणार, हेही खरं.

तरी "बंद" आणि "नेहमीसारखा चालू" यांच्यामध्ये बरंच काही करता येतं. तापाच्या रुग्णांची वेळ वेगळी. सकाळचा पहिला तास फक्त वृद्धांना. खिडक्या उघड्या, वाट पाहणारे बाहेर. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती जोडी: परिसरातल्या दोन-तीन डॉक्टरांनी आधीच ठरवून ठेवायचं, की एक आजारी पडला तर त्याचे जोखमीचे रुग्ण दुसरा पाहील. त्यासाठी प्रत्येक रुग्णाकडे आजार, औषधं, ॲलर्जी आणि जवळच्या माणसाचा फोन एवढं लिहिलेलं एक पान हवं. इतकी साधी गोष्ट बहुतेकांकडे नसते.

पैशाचा मुद्दाही इथेच येतो. डॉक्टरला दर भेटीमागे पैसे मिळत असतील तर न आलेल्या रुग्णाला फोन करणं म्हणजे फुकटचं काम. अमेरिकेत २०२० मध्ये भेटी घटताच छोट्या दवाखान्यांचं उत्पन्न कोसळलं. शेवटी ३० एप्रिलला तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्याने फोनवरच्या सल्ल्याचा मोबदला १४ ते ४१ डॉलरवरून ४६ ते ११० डॉलरपर्यंत नेला. याउलट काही देशांत दरडोई ठराविक रक्कम मिळते, रुग्ण येवो वा न येवो. तिथे दवाखाने तगले, पण फोन न करताही पैसे मिळतातच, ही त्या पद्धतीची पळवाट.

जपण्याच्या नावाखाली वगळणं

जोखमीचा हा शिक्का दुधारी आहे, आणि यावर फार कमी बोललं जातं. २०२०च्या वसंतात ब्रिटनमध्ये काही ठिकाणी वृद्धाश्रमांतल्या लोकांच्या आणि गतिमंद व्यक्तींच्या कागदपत्रांवर "हृदय बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये" असे शेरे मारले गेल्याच्या तक्रारी आल्या. काही वेळा त्या व्यक्तीला किंवा घरच्यांना न विचारता, काही वेळा गटागटाने. तिथल्या नियामक संस्थेने चौकशी करून मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला आणि अशा प्रकारांबद्दल चिंता व्यक्त केली. आयुष्याच्या शेवटाबद्दल आधी बोलून ठेवणं चांगलंच आहे; अनेक वृद्धांना ते हवंही असतं. पण ते बोलणं एकेका माणसाशी, वेळ देऊन, विश्वासाच्या माणसाने करायचं असतं. फोनवर यादी वाचत पन्नास जणांचं उरकायचं ते काम नव्हे.

सौम्य स्वरूपात हेच घराघरांतही घडलं. "तुम्ही बाहेर पडायचं नाही" म्हणून महिनोन्महिने खोलीत ठेवलेल्या वृद्धांच्या पायांतली ताकद गेली, तोल गेला. विषाणूपासून वाचून ते न्हाणीघरात पडले. डॉक्टरने जोखीम सांगावी, तिचे दोन्ही काठ सांगावेत, आणि सकाळी मोकळ्या हवेत फेरी मारायची की नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं.

यादीचा उपयोग काही जणांना उलट दिशेनेही झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये लसीकरणाच्या सल्लागार समितीने सांगितलं, की फॅमिली डॉक्टरच्या नोंदवहीत ज्यांची गतिमंद म्हणून नोंद आहे त्या सर्वांना प्राधान्याने लस द्यावी. ज्यांची नोंद कुणी कधी केलीच नव्हती, त्यांना मात्र आधी नोंदीसाठी धावपळ करावी लागणार होती. म्हणूनच खासगीपणाची काळजी रास्त असली तरी उत्तर "यादीच नको" हे नाही. यादी दवाखान्यात राहावी, कशासाठी वापरणार ते रुग्णाला सांगावं, आणि कुणाच्या दारावर खूण चिकटवू नये.

लाट ओसरल्यावर

लाट ओसरली की दवाखान्यात झुंबड उडते आणि पुन्हा जो आधी येईल त्याचा नंबर आधी लागतो. म्हणजे पुन्हा तीच चूक. २०२१ मध्ये जगभरात अडीच कोटी बालकांच्या मूलभूत लशी पूर्ण किंवा अंशतः राहिल्या. घटसर्प, धनुर्वात आणि डांग्या खोकल्याच्या तिन्ही मात्रा मिळालेल्या बालकांचं प्रमाण २०१९ मधल्या ८६ टक्क्यांवरून ८१ वर आलं. ही मुलं आपण होऊन रांगेत येत नाहीत. वर्षभर साखर न तपासलेले, घरातलं माणूस गेल्यापासून बोलणं कमी झालेले, कोविडनंतर महिनोन्महिने थकवा न गेलेले, यांनाही बोलावूनच घ्यावं लागतं.

रुग्णाच्या बाजूने करण्यासारखं काम मात्र साथीची वाट न पाहता आजही होऊ शकतं. पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. माझा सध्याचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का. मी उचलला नाही तर कुणाला लावायचा हे लिहून घेतलंय का. आणि तुम्ही आजारी पडलात तर माझ्या औषधांची चिठ्ठी कोण देणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच डॉक्टरांकडे तयार नसेल. पुढच्या महिन्यात गेलात की पुन्हा विचारा.